गव्हावर गहू

आज दुपारी आमच्या पोळ्या करड्या निघाल्या, कडेला फाटल्या आणि खाताना तोंडात बाजरीची चव आली. याला मुहम्मद अली जबाबदार आहे. थोडाफार माइक टायसनही. पण खरे गुन्हेगार भाजणीवाले काका.

सकाळी पाच किलो गहू पिशवीत आणि पिठासाठी रिकामा डबा घेऊन मी गिरणीत गेलो. घरून एकच सूचना होती. ती मी गिरणीवाल्या मामांच्या कानावर शब्दशः घातली, "मामा, गव्हावर गहू हं." मामांनी मान हलवली. इथवर सगळं ठीक होतं.

माझ्यापुढे जिमला जाणारा एक मुलगा मोबाइलवर बॉक्सिंगची जुनी फाइट बघत होता. टायसन विरुद्ध स्पिंक्स, जून १९८८, ९१ सेकंदांत कारभार आटोपला. मुलगा स्वतःशीच म्हणाला, "याच्यासमोर अलीपण टिकला नसता." कानात इयरफोन असल्यामुळे हे स्वतःशी बोलणं चक्कीच्या आवाजावरून सगळ्या गिरणीला ऐकू गेलं.

बाकावर एक काका बसले होते. सत्तरीचे, मांडीवर भाजणीचा बुटका डबा, भुवयांवर पीठ. ते इतके निमूट बसले होते की मी त्यांना गिरणीच्याच सामानात धरलं होतं.

"कधीचा अली?" काकांनी विचारलं.

मुलाने इयरफोन काढला. "प्राइममधला."

"प्राइम म्हणजे कुठलं साल?"

"ते... फोरमनला हरवलं तेव्हा?"

"किन्शासा. १९७४. अली ३२ वर्षांचा. दोरांना टेकून मार खात बसला आणि आठव्या राउंडला फोरमन दमल्यावर त्याला पाडलं. ते डोकं होतं. पाय कुठे होते?"

पाय कुठे होते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी चक्कीवरचा हात काढला.

"ऐन भरातला अली," काका म्हणाले, "२५ ते २८ वयातला. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०. व्हिएतनामला लढायला जात नाही म्हणाला म्हणून किताब काढून घेतला, लायसन्स काढून घेतलं, साडेतीन वर्षं घरी बसवला. भर होता तो तिथे. तो कुणी बघितलाच नाही, आणि तू त्याची फाइट लावतोयस!"

मुलगा खरोखर ओशाळला. जणू साडेतीन वर्षांची ती बंदी त्यानेच घातली होती.

"मग कुठला धरायचा?" मामांनी विचारलं. गिरणीवाल्याने हा प्रश्न विचारता कामा नये. रांगेत सात माणसं होती.

"नोव्हेंबर १९६६. क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडला संपवला तो. आणि टायसन स्पिंक्सवालाच, माझी ना नाही. पण किती राउंडची? अलीच्या काळात पंधरा, टायसनच्या काळात बारा. नियम कुणाचे?"

इथे मी घरी निघून जायला हवं होतं.

काका उठले. माझ्या हातातला डबा त्यांनी न विचारता घेतला आणि पीठ सांडलेल्या फळीवर ठेवला. "हा अली. उंच आहे, रिकामा आहे, हलका नाचतो." शेजारी स्वतःचा बुटका डबा. "हा टायसन. आत चार किलो भाजणी." मग पिठात बोटाने चौकोन काढला आणि मला विचारलं, "अलीचा हात ७८ इंच, टायसनचा ७१. किती फरक झाला?" मी सात म्हणालो. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली आहे. माझ्याकडून अशी वजाबाकी करून घेण्याचं कारण नव्हतं, पण मी केली, आणि काका "शाब्बास" म्हणाले.

मुलाने मुद्द्याचं विचारलं. "१९७१ मध्ये फ्रेझरने डाव्या हुकने अलीला पाडलं ना? फ्रेझर बुटकाच. तो पाडतो तर टायसन का नाही पाडणार?"

"पाडेल की!" असं म्हणून काकांनी टायसनचा डावा हुक चालवला. चार किलो भाजणी माझ्या डब्यावर आदळली, डबा फळीवरून खाली फरशीवर. त्याच्या पोटाला वाटीएवढा पोचा पडला. काकांनी तो उचलून परत चौकोनात उभा केला. "पंधराव्या राउंडला पडला, आणि उठला. बघा, झाकणसुद्धा उघडलं नाही."

तेवढ्यात मागून एक ताई म्हणाल्या, "मामा, यांचं चालू दे, तुम्ही माझी बाजरी टाका." मामांनी डब्यांवरची नजर न हलवता बाजरी टाकली. हे मी पाहिलं. पाहूनही गप्प बसलो, कारण त्याच क्षणी मला एक जबरदस्त मुद्दा सुचला होता. माणसाचं पीठ असंच खराब होतं.

"काका," मी म्हणालो, "टायसनला तर डग्लसने पाडलंच की. टोकियो, १९९०. दहावा राउंड."

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही बॉक्सिंग बघता?"

"कधीकधी."

"म्हणजे नाही. ट्रेनर रूनीला काढून वर्ष उलटलं होतं तेव्हा. कोपऱ्यात धड माणूस नव्हता. तो टायसन धरायचा नाही. लबाडी आहे ही."

"अहो, मी तुमच्याच बाजूने बोलतोय!"

"म्हणून तर जास्त वाईट."

रांग हसली. बाजरीवाल्या ताईसुद्धा. मी मुकाट्याने गव्हाची पिशवी पुढे केली आणि मामांनी ती सरळ वर ओतली. बाजरीवर गहू.

न झालेल्या लढती लावायचा हा रोग जुना आहे, हे मला नंतर आठवलं. गिरणीत आठवलं असतं तर उपयोग झाला असता. १९६७ मध्ये अमेरिकेत रेडिओवर काँप्युटरने जुन्या-नव्या जगज्जेत्यांची स्पर्धा लावली, तीत अली जिम जेफ्रीजकडून हरला. अली इतका चिडला की त्याने दहा लाख डॉलरचा दावा लावला. पुढे १९६९ मध्ये तोच अली आणि रॉकी मार्सियानो कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून कधीच निवृत्त झालेला, डोक्याला टोप लावून आलेला. निकाल काँप्युटर देणार, म्हणून शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले. ऑगस्टअखेर मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेने पाहिलं की त्याने तेराव्या राउंडला अलीला पाडलं. न झालेल्या लढतीतला पराभव खुद्द अलीला सहन झाला नव्हता. मग मी पाच किलो पिठासाठी कुढलो तर काय बिघडलं?

आणि कुढतो आहे ते पिठासाठीही नाही. काकांचं बरोबर होतं, हे जास्त झोंबतंय. खऱ्या लढती कधी लागतात बघा. १९८० मध्ये अलीला होम्ससमोर उभं केलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. दहा राउंड नुसता मार, शेवटी कोपऱ्यातल्या माणसाने थांबवलं. १४ महिन्यांनी बर्बिककडूनही हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा टायसन २७ वर्षांच्या एका यूट्यूबवाल्या पोरासमोर आठ राउंड ओढत राहिला. ते मी शनिवारची सकाळ घालवून पाहिलं आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही. भर ओसरला की सगळे तिकीट काढून येतात. माझा भर कधी होता, हे गिरणीत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बहुधा तोही घरी बसूनच गेला.

घरी पहिला घास खाऊन बायकोने विचारलं, "बाजरीवर टाकलं ना?" मी सांगायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९६६ पर्यंत पोचलो तेव्हा ती हात धुवून उठली होती. पोच्याबद्दल तिने वेगळं विचारलं. फ्रेझरचा हुक टायसनने मारला, हे सांगायचा धीर झाला नाही.

पीठ संपायला दोन आठवडे लागतील. पण काकांनी निघताना माझा खांदा थोपटून सांगितलंय, पुढच्या रविवारी होम्स विरुद्ध अली. ऐन भरातला होम्स, ऐन भरातला अली. गहू नसले तरी या म्हणाले, फक्त डबा तोच आणा. उंच आहे.