“रंगवलेला खांब बघायला रत्नागिरीला नेलं”: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या रत्नागिरी सहलीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. दीपगृह बंद होतं, फाटकाबाहेर तासभर उन्हात बसलो, वर गेलो तर काचेला पडदे आणि दिवा विझलेला, आईंना शेवटची शिडी चढता आली नाही, जेवणात रस्सा नव्हता, आणि ‘रंगवलेला खांब बघायला कोल्हापुरातून एवढं लांब कशाला?’ असं तुमचं म्हणणं.

उन्हात बसवलं ही चूक आमचीच. दीपगृह लोकांना संध्याकाळी थोडाच वेळ उघडतात, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी आंबा घाट लवकर उतरला, पालीला चहाही लांबला नाही, आणि आमच्या पोरानं गाडी थेट रत्नदुर्ग किल्ल्यावर बत्तीच्या, म्हणजे दीपगृहाच्या, फाटकात नेऊन उभी केली. आधी भगवतीचं देऊळ आणि तटावरची फेरी उरकून मग तिकडं वळायचं, एवढं साधं त्याला सुचलं नाही. शिडीचं तर बुकिंग घेतानाच सांगायला पाहिजे होतं. आईंना खाली एकट्या बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी.

खरं, पडद्यांचं जरा ऐका. तुम्ही लिहिलंय की ‘काहीतरी लपवल्यासारखे’ पडदे लावले होते. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेलच की तुम्ही. वरची ती कंगोऱ्याकंगोऱ्यांची काच म्हणजे तसलंच मोठं भिंग. रात्री आतल्या दिव्याचा उजेड गोळा करून ती समुद्रावर झोत सोडते. दिवसा उघडी ठेवली तर उलटं होतं, बाहेरचं ऊन गोळा होऊन आतल्या दिव्यावरच पडतं. म्हणून उजाडलं की पडदे ओढायचे, अशी जगभरच्या दीपगृहांची जुनी रीत आहे. अशी भिंगं फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८२०च्या दशकात काढली. त्याआधी तेल कितीही जाळलं तरी बराचसा उजेड वाया जायचा.

आणि तो ‘रंगवलेला खांब’. रंग शोभेचा नाही हो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी खांबाचा रंग आणि पट्टे बघून आपण कुठल्या बंदरासमोर आहोत ते ओळखतो. रात्री ओळख झोताची. दोन झोतांमध्ये किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजायचं आणि नकाशाशी ताडून बघायचं. शेजारशेजारच्या दोन बत्त्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. खांब फार उंच नाही म्हणून तुम्ही हिरमुसलात, पण उंचीचं काम डोंगरानंच केलेलं असतं. पाण्यापासून १०० मीटर वर उभं राहिलं की क्षितिज ३५ किलोमीटरवर जातं.

हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, पुढं तो आंग्र्यांकडे होता. तिन्ही बाजूंनी समुद्र. ज्या टोकावरून परक्या गलबतांवर नजर ठेवायची, तिथं इंग्रजांनी १८६७ साली गलबतांना वाट दाखवणारा दिवा लावला. थिबा पॅलेसपुढं तुम्ही वीसेक फोटो काढलेत, तो १९१०चा. ही बत्ती त्याच्याही ४३ वर्षं आधीची. आता जहाजावर जीपीएस असतं हे मान्य, तरी बत्ती रोज लागतेच. मला विचाराल तर सहलीतली सगळ्यात बघण्यासारखी जागा हीच, आणि आम्ही ती नीट दाखवली नाही याचंच जास्त वाईट वाटतं.

रश्श्याबद्दल काही बोलत नाही. रत्नागिरीत बसून तांबडा-पांढरा मागणाऱ्यापुढं सोलकढी ठेवण्यापलीकडं आमच्या हातात काय आहे?

आईंच्या तिकिटातले ५०० रुपये काढून ठेवलेत, ऑफिसात येऊन घेऊन जा, नाहीतर तुमच्या नंबरवर पाठवतो. या महिन्यापासून सहलीची वेळही बदलली आहे. आधी देऊळ, मग बत्ती, आणि अंधार पडेपर्यंत मांडवीच्या किनाऱ्यावर मुक्काम. बत्ती पेटलेली तिथनं दिसते, शिडी चढायची गरज नाही. आईंना घेऊन या, त्यांची सीट आमच्याकडून. फक्त परत कोल्हापुरात पोचायला रात्रीचे अकरा-साडेअकरा वाजतील. ते आता पावतीवरच छापलंय.