‘दर सात वर्षांनी शरीर नवंकोरं’: या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून पाहू

गेल्या महिन्यात जेवायला बसण्याआधी मामाने इन्सुलिनचं पेन हातात धरून मला विचारलं, "अगं, तू प्राणिशास्त्र शिकवतेस ना? दर सात वर्षांनी सगळं शरीर नवं होतं म्हणे. मग स्वादुपिंडही नवं येत असणार. ही सुई आणखी किती दिवस टोचायची?" मामाला मधुमेह होऊन 19 वर्षं झाली. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. तोच मेसेज माझ्या तीन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुढे गेले होते. याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: "तुमची त्वचा 28 दिवसांत नवी होते, यकृत 6 आठवड्यांत, हाडं 3 महिन्यांत, मेंदू वर्षभरात. दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी नवी असते. मग आजार जुना कसा राहतो? कारण तुमचे विचार जुने आहेत. विचार बदला, गोळ्यांची गरज उरणार नाही."

आधी यातलं खरं काय ते मान्य करते, कारण ते थक्क करणारं आहे. शरीरात झीज आणि भर अखंड चालू असते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी 2021 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आपल्या शरीरात रोज सुमारे 33,000 कोटी पेशी बदलल्या जातात. पण त्यातल्या 86 टक्के रक्तातल्या असतात आणि 12 टक्के आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या. म्हणजे बदलीचा जवळजवळ सगळा गलबला दोनच ठिकाणी आहे. लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते, आतड्याच्या अस्तरातली पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस. बाकी शरीराची गोष्ट वेगळी आहे.

"दर 7 वर्षांनी प्रत्येक पेशी नवी." हा समज जुना आहे, पण त्याला अलीकडे वजन आलं ते एका खऱ्या संशोधनामुळे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या जोनास फ्रिसेन यांच्या गटाने 2005 मध्ये पेशीचं वय मोजायची एक विलक्षण रीत काढली. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झाला होता. 1963 च्या करारानंतर अशा चाचण्या बऱ्याच अंशी थांबल्या आणि त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. तोच कार्बन झाडांत, झाडांतून अन्नात, अन्नातून आपल्यात येतो. पेशी विभागते तेव्हा नवा डीएनए तयार होतो, आणि त्या घडीचा कार्बन त्यात कायमचा अडकतो. जणू पेशीच्या अंगावर जन्मसालाचा शिक्काच.

या कामाबद्दल छापून आलं की प्रौढ शरीरातल्या पेशींचं सरासरी वय 7 ते 10 वर्षं असावं. त्यातला ‘सरासरी’ हा शब्द मेसेजमध्ये येईपर्यंत गळून पडला. एका घरात 82 वर्षांची आजी, 45 चा मुलगा, 41 ची सून, 9 आणि 3 वर्षांची नातवंडं असतील तर सरासरी वय येतं 36, आणि 36 वर्षांचं त्या घरात कोणीच नसतं. शरीराचंही तसंच. त्याच अभ्यासात बरगड्यांमधल्या स्नायूंच्या पेशींचं सरासरी वय 15 वर्षांच्या आसपास निघालं. आतड्याच्या अस्तराखालच्या भागाचंही साधारण तेवढंच.

"त्वचा 28 दिवसांत." वरच्या पातळ थरापुरतं हे ढोबळमानाने बरोबर आहे. त्याच्या तळाशी मूलपेशी, म्हणजे विभागून नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशी, असतात. त्यांच्या लेकी वर सरकत, चपट्या होत, मरून झडतात. वय वाढलं की या प्रवासाला जास्त दिवस लागतात. पण त्याखालचा जाड थर असा झडत नाही. मामाच्या दंडावर देवीच्या लशीची खूण आहे, रुपयाएवढी, खळगी पडलेली, कडेला चुण्या. मी तिच्यावर बोट ठेवून म्हटलं, "मामा, साठ वर्षांत वरचं कातडं शेकडो वेळा बदललं. मग ही का नाही गेली?" व्रणातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, तेसुद्धा मोडतं आणि पुन्हा विणलं जातं, पण विणणाऱ्या पेशी वीण तीच ठेवतात. याचा जुना पुरावा अंगावर काटा आणतो. 1740 च्या दशकात ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीची साथ आली. एका खलाशाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतं; ते संपलं आणि रोजची डागडुजी थांबली. नवं होत राहणं आणि निराळं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजीच्या हातावर गोंदलेल्या तुळशीवृंदावनाचंही तेच. 2018 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं की शाईचे कण गिळून बसलेली भक्षकपेशी मेली की तिच्या जागी आलेली नवी पेशी तेच कण उचलते. पेशी बदलतात, तुळशीवृंदावन तिथेच राहतं.

"यकृत 6 आठवड्यांत." यकृत खरोखर तरुण राहतं. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2022 मध्ये त्याच कार्बनच्या रीतीने मोजलं तेव्हा वीस वर्षांच्या माणसाचं असो की ऐंशीच्या, यकृतपेशींचं सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमी निघालं. आठवड्यांची भाषा शोभते ती यकृतदानानंतर. दात्याच्या पोटात उरलेला भाग झपाट्याने वाढून मूळ आकाराच्या जवळ जातो, पण कापलेला खंड पुन्हा फुटत नाही, उरलेलाच मोठा होतो. आणि वर्षानुवर्षांच्या दारूने किंवा हिपॅटायटिसने यकृतात व्रणांचं जाळं माजलं की ही ताकदही हरते. तसं नसतं तर सिरॉसिसने कोणी दगावलंच नसतं.

"हाडं 3 महिन्यांत." प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा वर्षाकाठी बदलतो. एका ठिकाणचं जुनं हाड खरवडून नवं भरायला काही महिने लागतात हे खरं, पण एका वेळी थोड्याच जागी काम चालू असतं.

"मेंदू वर्षभरात." हे साफ चूक आहे. आपल्या मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी आपल्याच वयाच्या असतात. हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागात मोठेपणी नव्या चेतापेशी बनतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पेशीच्या आतली प्रथिनं, मेद, पाणी बदलत राहतं. म्हणून ‘शरीरातले अणू बदलतात’ या म्हणण्यात तथ्य आहे. पण कोकणात दर पावसाळ्याआधी घर शाकारतात, म्हणून घर नवं होत नाही. हृदयाचंही ऐका: पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पूर्ण आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी म्हणूनच व्रण उरतो.

नेत्रभिंगाबद्दल मेसेज काही म्हणत नाही, पण त्याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नाही. भिंग थराथराने वाढतं. कांद्यात नवा थर आतून येतो, इथे बाहेरून. आतले थर कधीच टाकले जात नाहीत, आणि अगदी मधले तंतू आपण आईच्या पोटात असताना तयार झालेले असतात. त्यांनी आपलं केंद्रकसुद्धा काढून टाकलेलं असतं, म्हणजे प्रकाश आरपार जावा. त्यामुळे त्यातली प्रथिनं बदलायची सोयच उरत नाही. ती हळूहळू बिघडून गोळा होतात, आणि आपण म्हणतो मोतीबिंदू झाला. दर सात वर्षांनी भिंग नवं आलं असतं तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोणालाच लागली नसती. दातांचं इनॅमलही तसंच: ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात.

मग काही ऊती नव्या होतात आणि काही का नाही? मला वाटतं, या मेसेजने लोकांपासून हिरावून घेतलेला प्रश्न हा आहे. सगळं अडतं ते मूलपेशींवर. त्या कुठे बसल्यात, किती उरल्यात, आजूबाजूच्या पेशी त्यांना काय संकेत देतात यावर. डोळ्याचंच घ्या. बुबुळावरच्या पारदर्शक पारपटलाचा वरचा थर सतत नवा होतो, कारण काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर मूलपेशींचं कडं असतं. आपल्याकडे घरात तंबाखूच्या चुन्याची पुडी पडलेली असते. लहान मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. हे कडं जळलं की त्या डोळ्यावर पांढरट पडदा चढतो, आणि सात काय, सत्तर वर्षं थांबलं तरी तो आपोआप जात नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यावर एक शस्त्रक्रिया मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे आणि गर्भाच्या आवरणाची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी जखमी डोळ्यावर अंथरून त्यावर ते पेरायचे. त्या तुकड्यांतून पेशी पसरतात आणि पारपटलाचा थर पुन्हा उभा राहतो. शेतकऱ्याला रोप लावणं जसं कळतं तसं हे कळण्यासारखं आहे: बियाणंच नसेल तर रान नुसतं वाट पाहून हिरवं होत नाही.

"विचार बदला, गोळ्यांची गरज उरणार नाही." इथे मला राग येतो, कारण इथेच माणसाचा जीव जाऊ शकतो. मन शांत असलं की पथ्य पाळायला, झोपायला, चालायला बळ मिळतं, ते खरंच आहे. पण पेशीने काय व्हायचं हे ठरवतात तिच्यातली चालू-बंद होणारी जनुकं. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी उलट्या फिरवून मूलपेशींसारख्या केल्या, त्या चार जनुकांच्या जोरावर. 2012 चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं ते याचसाठी, की घडलेली पेशी पुन्हा कोरी करता येते हे त्यांनी दाखवलं.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची वाढ बालपणात होते. तिशीनंतर त्यांचं विभाजन जवळपास थांबतं. मामाला मी एवढंच म्हटलं, "तुझ्या 19 वर्षांत मेसेजच्या हिशेबाने स्वादुपिंड दोनदा नवं व्हायला हवं होतं. मग डोस का वाढला?" तो बराच वेळ पेनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते मूलपेशींचे इंजेक्शनवाले सांगतात तेही असंच का?"

त्याचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. टाइप 1 मधुमेहाच्या (ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते) मोजक्या रुग्णांना प्रयोगशाळेत मूलपेशींपासून घडवलेल्या बीटा पेशी देऊन चाचण्या झाल्या आहेत आणि काहींचं इन्सुलिन सुटलंही आहे, पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. मामाचा टाइप 2 आहे. आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जेसारखं प्रत्यारोपण. मधुमेहासाठी कोणी पैसे घेऊन मूलपेशी टोचतो म्हणाला तर तो मान्य उपचार नव्हे.

मामाने पेनाचा आकडा फिरवून डोस लावला, पोटाची चिमूट धरली आणि सुई घेतली. मामीने ताटं वाढली.