इम्प्लांट काढल्यावरही नसांचा त्रास राहतो

स्तनात बसवलेलं इम्प्लांट (कृत्रिम पिशवी) काढलं की त्रास संपतो, असं इम्प्लांटवरच्या एका लेखात एका ओळीत उरकलंय. ते पटलं नाही. कॅन्सरनंतर बसवलेलं माझं इम्प्लांट आत आवळून घट्ट झालं म्हणून काढलं. ओढ गेली, पण काखेत मुंग्या आणि मध्येच करंट लागल्यासारखी सणक राहिली. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, बायांनो! दुखावलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, तीही वाढली तर. सांगलीतल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आधी कापूस, मग सुती पंचा, मग खरखरीत टॉवेल त्या जागेवर हलकेच फिरवायला शिकवलं. आता ब्लाऊजचा स्पर्श सहन होतो. नसांच्या जळजळीसाठी डॉक्टरांनी प्रीगाबालिनची गोळी दिली असेल तर मनाने बंद करू नका. आणि बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, चटका बसलेला कळत नाही.