धूर फक्त जागा बदलतो?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतोय: "इलेक्ट्रिक गाडी शेवटी कोळशाच्या विजेवरच धावते. धूर गाडीतून न निघता वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो, एवढाच फरक. बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण वेगळंच. आणि सगळ्यांनी रात्री गाड्या चार्जिंगला लावल्या तर ग्रिड बसेल, सूर्य काही रात्री उगवत नाही."

आधी कोळसा. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी १०० किलोमीटरला साधारण ६.७ लिटर पेट्रोल खाते. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १५ किलोच्या वर. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यातलं उत्सर्जन त्यात अजून धरलेलंच नाही. इलेक्ट्रिक गाडीला तेवढ्याच अंतराला १५ युनिट लागतात, वाटेतली गळती धरून १८ म्हणू. सगळी वीज कोळशाची असेल तर युनिटमागे जवळपास १ किलो, म्हणजे १८ किलो. निव्वळ कोळशावर फायदा जवळजवळ नाहीच, हे मान्य. पण निम्मी वीज ऊन, वारा, पाण्याची झाली की तोच आकडा ९ च्या आसपास येतो, आणि त्यासाठी गाडीचा एक स्क्रूही बदलावा लागत नाही. पेट्रोलची गाडी मात्र दहा वर्षांनीही तितकाच धूर सोडते. नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज जलविद्युत आणि पवनऊर्जेची आहे. तिथं २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या.

बॅटरीचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या नावावर जास्त कार्बन असतो. पुढं ती तो चालता चालता फेडते. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेनं २०२१ मध्ये बॅटरीसकट गाडीच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला: मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारचं उत्सर्जन पेट्रोल कारपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, कोळशावर बराच भार असलेल्या भारतात १९ ते ३४ टक्के कमी. अनेक बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्टच्या खाणींतलं शोषण हा गंभीर प्रश्न आहेच. म्हणूनच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचा प्रसार मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांत कोबाल्ट लागतच नाही.

आता ग्रिड. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ६ युनिट पुरतात. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर हे दोन तासांचं काम, आणि गाडी दिवसातले वीसहून अधिक तास उभीच असते. त्यातले कोणते दोन तास निवडायचे, एवढाच प्रश्न उरतो. संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकदम प्लग लावले तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तापेल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपायही आहे: वेळेनुसार वीजदर, आणि ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारे चार्जर. सूर्य रात्री नसतो हे खरं, पण गाड्या दुपारी कुठं असतात? कार्यालयांच्या, कारखान्यांच्या, स्टेशनांच्या वाहनतळांवर. अनेक ठिकाणी भर दुपारी सौर वीज खपत नाही म्हणून प्रकल्पांचं उत्पादन कमी करायला सांगतात, आणि नेमक्या त्याच वेळी या गाड्या चार्जरविना उन्हात उभ्या असतात.

माझी तक्रार म्हणूनच त्या मजकुरापेक्षा चार्जिंग कंपन्यांकडे जास्त आहे. वर्षभराच्या एकूण युनिटांइतकी पवनवीज विकत घेतली की चार्जिंग केंद्रावर 'शंभर टक्के हरित' अशी पाटी लागते. रात्री नऊला प्लगमधून येणारी वीज मात्र बहुतांश कोळशाची असू शकते. तासागणिक कुठली वीज वापरली, हे कंपन्यांनी पावतीवर छापावं, आणि जिथं गाड्या दिवसभर उभ्या असतात तिथं आधी चार्जर बसवावेत.