शंभराच्या पुढे गेलेल्या टक्क्यांचे अभिनंदन कसे करावे

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या मेळाव्यात शाळकरी मुले आणि रिकामे बसलेले तरुण या विषयावर आकडेवारीसह बोलण्याचा योग आपल्याला आला, तर त्यासाठी शाळा पाहण्याची किंवा तरुणांना भेटण्याची मुळीच गरज नाही. पाचवीच्या गणितात अंश आणि छेद असे दोन प्रकार शिकवलेले असतात. त्यांतला अंश तेवढा लक्षात ठेवावा आणि छेद कायमचा विसरावा, म्हणजे भाषण आपोआप चांगले होते.

प्रारंभ ढोबळ नोंदणी प्रमाणापासून करावा, ज्याला शिक्षण खात्यात सर्वजण जीईआर म्हणतात. पहिली ते पाचवीच्या पटावर जितकी मुले आहेत ती सगळी, त्यांचे वय न विचारता, मोजायची आणि त्या संख्येला ६ ते १० या वयोगटातील एकूण मुलांच्या संख्येने भागून शंभराने गुणायचे, अशी ही रीत आहे. घाईने पहिलीत घातलेले पाच वर्षांचे मूल या हिशेबात वर, अंशात, येते, पण खाली, छेदात, येत नाही. आईवडिलांबरोबर दर हंगामात वीटभट्टीवर जावे लागल्याने बाराव्या वर्षीही चौथीत बसलेली रायगडातील कातकरी मुलगीही वर येते, खाली येत नाही. त्यामुळे प्रमाण १०४ होऊ शकते, आणि ते झाले की आपण शाल आणि श्रीफळ मागवावे. समजा, योग्य वयाची शंभर मुले आहेत, त्यांतली नव्वद शाळेत आहेत आणि इतर वयांची चौदा त्यांच्यासोबत बसली आहेत. बेरीज १०४ होते, आणि शाळेबाहेर राहिलेली दहा मुले त्या आकड्यामागे इतकी बेमालूम लपतात की सत्कार समारंभात कोणालाही त्यांची अडचण होत नाही. योग्य वयाचीच मुले मोजणारे निव्वळ नोंदणी प्रमाण नावाचे दुसरे एक परिमाण आहे, ते या उदाहरणात ९० सांगेल. ते तोंडावर खरे बोलणारे असल्याने त्याला व्यासपीठावर बोलावू नये.

आता छेद विसरायचाच आहे, तर तो नेमका काय असतो हे एकदा जाणून घ्यावे, म्हणजे विसरणे सोपे जाईल. ६ ते १० वर्षांची मुले दरवर्षी कोणी मोजत नाही. २०११ ची जनगणना घ्यायची आणि तिच्यावरून आजच्या लोकसंख्येचा अंदाज बांधायचा, असा रिवाज आहे, कारण २०२१ साली व्हायची जनगणना झालीच नाही. त्यातही कोकणाची गंमत अशी की २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती आणि २०११ साली ती १६,१५,०६९ राहिली. सिंधुदुर्गातही घटच झाली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या, म्हणजे पुरुष कोठे गेले हे चाकरमान्यांच्या प्रदेशात वेगळे सांगायला नको. आता बायकामुलेही त्यांच्यामागून विरारला आणि डोंबिवलीला जातात. अंदाजाने धरलेली मुले प्रत्यक्षात गावी उरली नसतील, तर तालुक्यातले शेवटचे मूलही शाळेत असले तरी प्रमाण शंभराला पोहोचत नाही. आणि तीच मुले जेथे राहायला गेली, तेथे छेद तोकडा पडून प्रमाण फुगते. अशा वेळी कोकणातल्या पालकांच्या उदासीनतेवर दहा मिनिटे बोलावे आणि विरारच्या पालकांची जागरूकता वाखाणावी. कुलूप लावलेल्या घरांविषयी बोलू नये, तो विषय गणेशोत्सवाच्या खास गाड्यांच्या बैठकीत येतो.

अंशही वाटतो तितका साधा नाही, हे मात्र खाजगीत मान्य करावे. पटावरचे मूल आणि वर्गातले मूल ही दोन वेगळी मुले असू शकतात, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ मधल्या राज्यव्यापी पटपडताळणीत पाहिले, जेव्हा लाखो मुले पटावर सापडली आणि वर्गात सापडली नाहीत. संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात, तेव्हा पटावरच्या नावांना दीर्घायुष्य लाभणे स्वाभाविकच होते. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत दुखणे नेमके उलटे आहे: तेथे मुले खरीच असतात, फक्त ती सात किंवा अकरा असतात, आणि पट वीसच्या खाली गेला की शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याची चर्चा सुरू होते. मधे पऱ्या आणि घाटी आहे, पावसाळ्यात पऱ्या भरून वाहतो, ही बाब कोणत्याही निर्देशांकात बसत नसल्याने तिची नोंद घेण्याचे कारण नाही. २०२२-२३ पासून यू-डायस प्लस या देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसंचात शाळेची गोळाबेरीज न घेता एकेका विद्यार्थ्याची नोंद घेतली जाऊ लागली आणि देशभरातली पटसंख्या आधीच्या वर्षांहून कमी दिसू लागली. यावरून एक उपयुक्त नियम काढता येतो. आकडा वाढला तर ते धोरणाचे यश असते आणि घटला तर ती नोंदींची साफसफाई असते.

दहावीच्या निकालाचा उल्लेख करून टाळ्या घ्याव्यात. कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून राज्यात पहिले येत आहे आणि तो अभिमान रास्तही आहे; फक्त ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते, हे टाळ्या थांबण्यापूर्वी सांगू नये.

यानंतर तरुणांकडे वळावे. जे तरुण शिक्षणात नाहीत, रोजगारात नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत, त्यांच्या प्रमाणाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नीट’ म्हणतात, आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेशी त्याचा संबंध नाही. हे प्रमाण म्हणजेच बेरोजगारीचा दर, असे बिनधास्त सांगावे. सभागृहात कोणी हरकत घेत नाही. वास्तविक बेरोजगारीच्या दरात छेद असतो तो काम करणाऱ्यांचा आणि काम मागणाऱ्यांचा, म्हणजे श्रमबलाचा, तर ‘नीट’मध्ये छेद असतो त्या वयाच्या सगळ्या तरुणांचा. वय तरी एक असावे? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत ते १५ ते २४ आहे आणि आपल्याकडच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीत, तरुण म्हणजे १५ ते २९. दोहोंपैकी जे त्या दिवशी सोयीचे, ते घ्यावे. काम शोधून थकलेल्या मुलाने शोध सोडला की तो बेरोजगारीच्या दरातून वरूनही जातो आणि खालूनही जातो, आणि दर सुधारतो. निराशेने आकडा सुधारण्याची ही सोय अन्य कोणत्याही योजनेत नाही.

कोकणात तर या रकान्यांची खरी परीक्षा होते. वडिलांच्या हापूसच्या बागेत फवारणीपासून पेटी भरण्यापर्यंत सगळे करणारा आणि हातात एक रुपयाही न पडणारा देवगडचा पदवीधर पाहणीच्या दृष्टीने रोजगारात आहे, कारण घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस कामकरी धरला जातो. त्याची बहीण पहाटे पाणी भरते, लाकडे गोळा करते, म्हाताऱ्या आजीला सांभाळते, घरापुरती आमसुले घालते. ती घरकाम करते असे लिहून तिला श्रमबलाबाहेर ठेवले जाते. तीच आमसुले तिने बाजारात विकली की ती रोजगारात येऊ शकते, म्हणजे तिच्या दिवसात फरक पडला नाही तरी तिच्या रकान्यात पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह तयार झालेल्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालात तरुणींमधले ‘नीट’चे प्रमाण तरुणांच्या जवळपास पाचपट दिसले. ते ऐकून आपण मुलींना शिवणकाम शिकवण्याची सूचना करावी, आजीला कोण सांभाळणार हे विचारू नये.

मासेमारीच्या गावात प्रश्न कोणत्या मुदतीचा विचारला, यावर सगळे अवलंबून असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीप्रमाणे मोजले, तर जुलैत ओसरीवर बसलेला मालवणचा खलाशी रोजगारात असतो. गेल्या सात दिवसांची स्थिती विचारली, तर त्या आठवड्यात एका दिवशी तासभर जरी त्याने कोठे काम केले असेल तरी तो रोजगारात असतो, आणि केले नसेल तर हंगाम नसल्याने काम थांबले आहे की कामच नाही, यावर वेगळी चर्चा होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. आपले कौशल्य एवढेच, की एका वर्षाचा आकडा एका पद्धतीचा घ्यावा, दुसऱ्या वर्षाचा दुसऱ्या पद्धतीचा घ्यावा आणि मधल्या फरकाला प्रगती म्हणावे.

आपल्या तालुक्याचा आकडा कोठून आणावा, या चिंतेत पडू नये. श्रमबल पाहणीच्या वार्षिक अहवालांत निष्कर्ष राज्यांचे असतात, तालुक्यांचे नसतात. नमुनाच तेवढा मोठा नसतो. त्या नमुन्यासाठी २०२४ पर्यंत महाराष्ट्राचे जे विभाग धरले जात, त्यांतल्या किनारी विभागात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड होते, ठाणे होते आणि मुंबईही होती. म्हणजे दोडामार्गच्या मुलाची सरासरी अंधेरीतल्या मुलाबरोबर आधीच काढून ठेवलेली आहे. आपण ती उचलून ‘आपल्या कोकणात’ असे म्हणून वाचावी.

कोणी उद्दिष्ट विचारले, तर शाश्वत विकास ध्येयांपैकी आठव्या ध्येयातले लक्ष्य ८.६ सांगावे: शिक्षण, रोजगार व प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या तरुणांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी करणे. त्याची मुदत २०३० नव्हे तर २०२० होती, तेव्हा तारीख उच्चारताना माईक थोडा दूर धरावा.

शेवटी प्रश्नोत्तरे होतात आणि मागच्या रांगेतून एखादी आजी उठून विचारते, “माझो नातू बीए झालो, भरतीची दोन वर्सा वाट बघल्यान, आता काय्येक शोधणा नाय, घरात बसलेलो हा. तो तुमच्या खंयच्या रकान्यात?” येथे चहाची घोषणा करण्याची गरज नाही, कारण उत्तर तयार आहे. जो शिकत नाही, काम करत नाही, शोधत नाही, मिळाले तर करीन असेही म्हणत नाही, घरकामही करत नाही आणि आजारीही नाही, त्याच्यासाठी श्रमबल पाहणीत ९७ हा संकेतांक आहे आणि त्यापुढे ‘इतर’ असे लिहिलेले आहे. त्याच ओळीत कंसात, भीक मागणारे वगैरे धरून, असाही खुलासा आहे. तो आजीला वाचून दाखवू नये.