आकडा सरकला की एन्कोडर बदला : या सल्ल्याचा प्रतिवाद

देखभाल विभागांत सर्रास दिला जाणारा सल्ला असा : शाफ्ट मूळ जागी परतूनही डेटा अ‍ॅक्विझिशन (सेन्सरचे सिग्नल मोजून संगणकाला देणाऱ्या) कार्डावरचा आकडा शून्यावर येत नसेल, तर एन्कोडर (शाफ्टच्या फिरण्याचे विद्युत पल्स करणारा सेन्सर) तापून त्याचा सिग्नल सरकतो आहे, एन्कोडर बदला, तोवर काउंटरचा फिल्टर (ठरावीक काळाहून छोटे पल्स वगळणारी सोय) वाढवा आणि झेड पल्सवर, म्हणजे दर फेरीला एकदाच येणाऱ्या खुणेच्या पल्सवर, आकडा शून्य करून घ्या. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिला मुद्दा तापण्याचा. पोटेन्शिओमीटरचा व्होल्टेज तापमानाने सरकतो, हे खरे. इन्क्रिमेंटल (पल्स मोजून कोन सांगणाऱ्या) एन्कोडरमध्ये मात्र मोजल्या जातात त्या ए आणि बी या, एकमेकांच्या पाव आवर्तन मागेपुढे चालणाऱ्या, चॅनलांच्या कडा, म्हणजे सिग्नल वर-खाली होण्याचे क्षण. उष्णतेने त्यांच्यातले ९० अंशांचे अंतर थोडे हलले, तरी एका फेरीतल्या कडांची संख्या तीच राहते. तेव्हा साठत जाणारी चूक याचा अर्थ पल्स गळाले, जादा मोजले गेले किंवा कपलिंग (शाफ्ट आणि एन्कोडर यांना जोडणारा भाग) घसरले.

एन्कोडर बदलल्यावर दोष गेल्याचे अनुभव सांगितले जातात, पण बदलताना कपलिंग शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रूही नव्याने आवळला जातो, हे कोणी लक्षात घेत नाही. आधी शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि झेडवर शून्य होण्याची सोय बंद करून एका झेडपासून दुसऱ्या झेडपर्यंतचे काउंट पाहावेत. १०२४ पल्सच्या एन्कोडरला चौपट डिकोडिंगमध्ये (दर पल्सला ए आणि बीच्या चारही कडा मोजल्यास) ते ४०९६ यायला हवेत. ते नेमके येत असूनही रेघ तुटली असेल, तर दोष यांत्रिक आहे; ४०९२ किंवा ४०८८ येत असतील, तर तो विद्युत मार्गात आहे.

तिथेही एन्कोडर बहुधा निर्दोष असतो. ओपन कलेक्टर आउटपुट (जे सिग्नल फक्त खाली ओढते), तो वर चढवणारा १० किलोओहमचा पुल-अप रोधक आणि मीटरमागे १०० पिकोफॅरडची २० मीटर केबल, असा जोड धरला तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सिग्नल किती सावकाश चढतो याचे माप, २० मायक्रोसेकंद होतो. ३००० आरपीएमला याच एन्कोडरची फ्रिक्वेन्सी ५१.२ किलोहर्ट्‌झ असते, म्हणजे पल्स वर राहतो जेमतेम १० मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सिग्नल सुमारे १.९ व्होल्टपर्यंतच चढतो. टीटीएल (५ व्होल्टच्या डिजिटल सर्किटच्या) इनपुटला 'हाय' हमखास ओळखायला २ व्होल्ट लागतात. हाताने सावकाश फिरवून पाहिले की सिग्नलला चढायला वेळ मिळतो आणि सगळे ठीक दिसते, ते यामुळेच. नवा एन्कोडर याच तारांवर तसाच चुकेल. १ किलोओहमचा पुल-अप किंवा, त्याहून बरे, आरएस-४२२ लाइन ड्रायव्हर (सिग्नल दोन उलट तारांवर जोराने पाठवणारे आउटपुट) आणि पीळ दिलेल्या जोडतारांची ट्विस्टेड पेअर केबल हा खरा उपाय.

फिल्टर वाढवण्याचा सल्ला तर उलटा घातक ठरू शकतो. किमान २५ मायक्रोसेकंदांचा पल्स मागणारा फिल्टर २० किलोहर्ट्‌झच्या वरचे, म्हणजे या एन्कोडरचे सुमारे ११७० आरपीएमपुढचे, खरे पल्सच गिळतो. शाफ्ट थांबलेला असताना ड्राइव्ह (मोटर चालवणारे विद्युत उपकरण) चालू करताच आकडा हलत असेल, तर १-२ मायक्रोसेकंदांचा फिल्टर लावणे योग्य, पण मोटरच्या केबलला लागून गेलेली सिग्नलची तार आधी दूर करावी. फक्त ए चॅनल मोजणारा साधा काउंटर कडेवर थरथरणाऱ्या शाफ्टचे काउंट नुसते वाढवत राहतो; तिथे ए आणि बी दोन्ही पाहून दिशा ओळखणारा क्वाड्रेचर मोडच हवा.

राहता राहिला झेडवर शून्य करण्याचा तोडगा. एका फेरीत ४ काउंट गळाले, तर पुढच्या झेडला ते पुसले जातात, पण त्याआधी नोंदलेल्या मोजमापांत ०.३५ अंशाची चूक राहतेच आणि ती कुठून आली याचा मागही नाहीसा होतो. शिवाय झेडच्याच तारेवर नॉइज आला, तर आकडा भलत्याच जागी शून्य होतो.