‘एओडी-९६०४’ : चरबी वितळवणाऱ्या इंजेक्शनचा दावा तपासताना

नागपुरातील व्यायामशाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सध्या फिरत आहे. ‘एओडी-९६०४’ हा ग्रोथ हार्मोनचा नैसर्गिक तुकडा असून त्याच्या इंजेक्शनने आहार न बदलता पोटाची चरबी वितळते, स्नायू वाढतात, अपाय काहीच होत नाही आणि हे सारे चाचण्यांत सिद्ध झाले आहे, असे त्यात म्हटले आहे.

मुळात हा रेणू नैसर्गिक नाही. मानवी ग्रोथ हार्मोन ही १९१ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्या १७७ ते १९१ या शेवटच्या भागाला आरंभी टायरोसिन जोडून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हे १६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, घडवले. मूळ साखळीत त्या जागी फेनिलॲलानिन असते.

स्नायूंविषयीचे विधान तर संदेशातीलच निर्धोकपणाच्या दाव्याला छेद देते. ग्रोथ हार्मोन पेशींवरील आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, त्यातून आयजीएफ-१ हे वाढ घडवणारे संप्रेरक वाढते आणि शरीराची वाढ घडते. रक्तातील साखर बिघडण्यासारखे त्याचे दुष्परिणामही त्याच ग्राहीमार्फत होतात. हे पेप्टाइड त्या ग्राहीला चिकटतच नाही व आयजीएफ-१ वाढवत नाही. म्हणजे ज्या कारणाने ते हार्मोनचे दुष्परिणाम टाळते, त्याच कारणाने हार्मोनसारखी स्नायूवाढ त्याच्याकडून अपेक्षिता येत नाही.

चरबीचा दावा मात्र निराधार कल्पनेतून आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. लठ्ठ उंदरांमध्ये चरबीचे विघटन वाढलेले दिसले होते, आणि चरबीच्या विघटनाशी संबंधित बीटा-३ ग्राही नसलेल्या उंदरांत दीर्घ उपचाराचा तो परिणाम दिसला नाही, हा निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या मोलाचा आहे. परंतु माणसांवरील निर्णायक चाचणी २४ आठवड्यांची होती, तीत ५३६ जण होते, आणि वजनात अपेक्षित घट न आढळल्याने २००७ साली लठ्ठपणावरील औषध म्हणून त्याचा विकास थांबवण्यात आला. ‘सिद्ध झाले’ असे म्हणणाऱ्यांनी नेमकी हीच चाचणी वगळली आहे.

त्या चाचणीत औषध तोंडावाटे, देखरेखीखाली दिले जात होते. तिथे ते सुसह्य ठरले, म्हणून ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेल्या कुपीतून, शुद्धता व निर्जंतुकता न तपासता, घरी टोचलेले इंजेक्शन निर्धोक ठरत नाही. त्यातही पाण्यात मिसळलेले पेप्टाइड उष्णतेने बिघडते आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या प्रशिक्षकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. उपचारासाठी मान्यता नसलेला पदार्थ म्हणून हे पेप्टाइड प्रतिबंधित असल्याचे ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१३ मध्येच स्पष्ट केले असून, नमुन्यात ते आढळल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते.